दगडाची भुकटी बागेत: कुठून आणायची, किती घालायची आणि कुठे घालूच नये

खडी क्रशरवर चाळण्यांच्या खाली करड्या भुकटीचा ढीग साठतो. क्रशरवाले त्याला 'डस्ट' म्हणतात, काही भागांत 'कच'. एरवी ती भरावात, नाहीतर पेव्हर ब्लॉकमध्ये जाते. तीच भुकटी 'रॉक डस्ट' हे नाव लावून एक-एक किलोच्या रंगीत पाकिटांत ऑनलाइन विकली जाते आणि पाकिटावरची किंमत ऐकली तर क्रशरचा मुकादम पोट धरून हसेल.

पाकिटावरच्या मजकुरातलं अर्धं खरं असतं. दगडातली खनिजं मातीत उतरतात, त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, सिलिका झाडाला मिळू शकतात, हे खरं. पण हे काम महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबाने चालतं, आणि प्रत्येक मातीला त्याची गरज असतेच असं नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक बागांना या भुकटीची गरज नाही. तेव्हा पोतं उचलायच्या आधी आपली बाग कुठल्या गटात बसते ते बघू.

भुकटीत असतं काय

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर बसलाय तो बेसाल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्याची एक किलो भुकटी घेतली तर ढोबळमानाने निम्मी सिलिका, १०० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम ऑक्साइड, ५० ते ६० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड, शंभराहून जास्त ग्रॅम लोहाची ऑक्साइडं, पालाश (पोटॅश) जेमतेम ५ ग्रॅम आणि स्फुरद (फॉस्फेट) २ ग्रॅम. नत्र (नायट्रोजन) शून्य.

आता शेजारी शेणखत ठेवा. चांगल्या कुजलेल्या किलोभर शेणखतात नत्र ५ ग्रॅम, स्फुरद २-३ ग्रॅम, पालाश ५ ग्रॅमच्या घरात. म्हणजे स्फुरद आणि पालाश दोन्हींत जवळपास सारखंच, फरक एवढा की शेणखतातलं बरंचसं पहिल्याच हंगामात मिळतं आणि दगडातलं दगडातच अडकलेलं असतं. 'खत' म्हणून दगडाची भुकटी घेणाऱ्याचा इथेच भ्रमनिरास होतो. तिच्याकडून घ्यायचं ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडी सूक्ष्मद्रव्यं आणि आम्ल मातीला हळूहळू मिळणारा उतारा.

पहिली पायरी: आपली माती कुठली

काळी माती याच बेसाल्टची झीज होऊन बनलेली आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियम तिच्यात भरपूर, सामू म्हणजे पीएच बहुतेक वेळा ७.५ ते ८.५. तिच्यात बेसाल्टची भुकटी टाकणं म्हणजे उसाच्या फडात साखर पेरणं. काळ्या रानात लोह आणि जस्त कमी पडतं ते मातीत नसल्यामुळे नव्हे, सामू जास्त असल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही म्हणून. तिथे आणखी दगड घालून काहीच सुटत नाही.

भुकटीचा खरा उपयोग दोन ठिकाणी. एक, जांभ्याची तांबडी माती: कोकण, गोवा, सह्याद्रीचा माथा. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाने तिच्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेलेलं असतं, सामू ५ ते ६.५ मध्ये. आम्लता, ऊब आणि ओल ही दगड विरघळायला लागणारी तिन्ही कारणं तिथे आयती असतात. दोन, शहरातली कुंडी. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत जी 'तांबडी माती' पोत्याने मिळते ती बहुतेक वेळा अशीच धुतलेली, कस गेलेली असते. तिच्यात निम्मं कोकोपीट मिसळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमची आणखी ओढ, कारण कोकोपीट स्वतःच ही दोन द्रव्यं धरून ठेवतं.

अंदाजावर जाऊ नका, घरी तपासा. मातीचा चमचाभर नमुना बशीत घेऊन वर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर ती चुनखडीयुक्त आहे. लेख पुढे वाचा, पण भुकटी आणू नका. फसफसली नाही तर २० ग्रॅम माती ५० मिली आरओच्या पाण्यात अर्धा तास अधूनमधून ढवळा आणि पीएचची पट्टी बुडवा. ६.५ च्या खाली आलं तर भुकटीला वाव आहे. ६.५ ते ७.२ मध्ये नुकसान नाही, फायदाही बेताचा. त्याच्या वर नकोच.

परसबाग मोठी असेल तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. आठ-दहा ठिकाणी 'व्ही' आकाराचा सहा-सात इंच खोल खड्डा करून कडेची कापटी घ्या, सगळं एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवा. लोखंडी घमेलं वापरू नका, लोहाचा आकडा चुकतो. कृषी विज्ञान केंद्र, जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी जवळचं कृषी विद्यापीठ, कुठेही चालेल. एक मेख आहे: मृदा आरोग्य पत्रिकेत जे १२ घटक येतात त्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नाहीत. आपल्याला नेमकं तेच हवंय. नमुना देतानाच 'विनिमयक्षम कॅल्शियम आणि मॅग्नेशियमसुद्धा काढून द्या' असं सांगा आणि जादा शुल्क भरा.

दुसरी पायरी: दगड कुठला आहे ते विचारा

पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्याचा बहुतेक भाग, खानदेश, पश्चिम विदर्भ, रायगड-रत्नागिरी इथल्या क्रशरवर काळा पाषाणच येतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा काही भाग, नांदेडकडचे देगलूर-बिलोली, दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोवा इथे मात्र ग्रॅनाइट, नाइस किंवा दुसरेच जुने खडक असू शकतात. ताजा फुटलेला तुकडा हातात घ्या. बेसाल्ट काळसर करडा, एकजिनसी, हाताला जड. गुलाबी-पांढरे ठिपके आणि चमकणारी गारगोटी दिसली तर ग्रॅनाइटच्या कुळातला.

ग्रॅनाइटच्या भुकटीत पालाश ४ ते ५ टक्के असतो, हा आकडा बघून लोक भुलतात. तो ज्या फेल्डस्पारमध्ये असतो ते खनिज बेसाल्टमधल्या खनिजांपेक्षा कितीतरी सावकाश विरघळतं. शिवाय त्यात पाव हिस्सा किंवा जास्त गारगोटी, जी झाडाला काही देत नाही आणि फुप्फुसाला घातक. पालाशच हवा असेल तर आम्ल मातीत चुलीची राख बरी.

हिरवट, तेलकट चमकीचा, फार जड दगड घेऊ नका. असे मॅग्नेशियमबहुल खडक महाराष्ट्रात थोडेच आहेत, पण सिंधुदुर्गात कणकवलीच्या बाजूला क्रोमाइटचे, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाचे, पट्टे आहेत. अशा दगडात निकेल आणि क्रोमियम बेसाल्टच्या कित्येक पट असतं. भाजीच्या वाफ्यात ते नको.

तिसरी पायरी: आणायचं कुठून

क्रशरवर गेलात की वजनकाट्याच्या केबिनमध्ये विचारा. नुसतं 'डस्ट द्या' म्हटलं तर ढिगाच्या पायथ्याची जाड ग्रीट भरून मिळेल. असं विचारा: कोरडी डस्ट आहे का, धुतलेली का? धुतलेल्या क्रश सँडमधून आपल्याला हवा तो बारीक भाग आधीच काढून टाकलेला असतो. तो जिथे साठतो त्या गाळाच्या टाकीतला माल बारीक खरा, पण गाळ लवकर बसावा म्हणून त्यात रसायन सोडलेलं असू शकतं. ते विचारल्याशिवाय घेऊ नका. सर्वांत बारीक कोरडा माल डस्ट कलेक्टर असलेल्या प्लँटवर पिशवीच्या फिल्टरखाली किंवा चाळण्यांच्या शेडच्या तुळयांवर, पत्र्याच्या कडेला जमतो. तो साफ करायला कामगारांनाही हवाच असतो.

शेजारीच डांबर मिसळायचा हॉट मिक्स प्लँट असतो. तिथली फिल्टरची भुकटी मैद्यासारखी असते, पण ती ऑइल जाळून तापवलेल्या खडीतून आलेली. काजळी आणि तेल सोबत येतं. रेडी मिक्स काँक्रीटच्या आवारातली भुकटीही नको, सिमेंट मिसळलेलं असतं. फरशी-मार्बल पॉलिशवाल्यांचा राडा तर अजिबात नको. त्यात पॉलिशचं रेझिन आणि घासण्याच्या दगडाचा भुगा असतो, आणि मार्बल म्हणजे चुनखडीचाच भाऊ.

डस्ट ब्रासने विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनाला साधारण साडेचार टन. गच्चीवरच्या चाळीस कुंड्यांना लागते ती सहा किलो, तेव्हा ब्रासचा भाव विचारून हसं करून घेऊ नका; दोन पोती भरून द्या म्हणा. रिकामं सिमेंटचं पोतं नेऊ नका, तांदळाचं किंवा पशुखाद्याचं न्या. पोतं काठोकाठ भरलं तर ५० किलोच्या पुढे जातं, निम्मं भरा. टेंपो-ट्रॅक्टरने आणायचं असेल तर क्रशरचं बिल आणि गौण खनिजाचा वाहतूक परवाना गाडीत हवा, नाहीतर वाटेत अडवलं तर भुर्दंड भुकटीच्या किमतीहून जास्त.

आणखी एक जागा, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: बोअर. गल्लीत कुठे बोअरची गाडी लागली की सुरुवातीला माती उडते, मग पिवळट मुरूम, आणि कातळ लागला की करडी, पिठासारखी भुकटी भसाभस बाहेर पडते. पाणी लागेपर्यंतचा हा टप्पा आपल्या कामाचा. घरमालक ती फुकट देतो, उलट उचलून नेली म्हणून आभार मानतो. हॅमरला वंगण म्हणून तेल सोडतात, त्यामुळे मूठभर भुकटी पांढऱ्या भांड्यात पाण्यावर टाकून पाहा. इंद्रधनुषी तवंग आला तर तो ढीग सोडून द्या.

चौथी पायरी: बाटलीची परीक्षा

भुकटीचा उपयोग तिच्या बारीकपणावर ठरतो. एक मिलिमीटरचा कण फोडून एक दशांश मिलिमीटरचे कण केले तर तेवढ्याच वजनाचं पृष्ठफळ दहापट होतं, आणि मुळांतून-जिवाणूंतून येणारी आम्लं पृष्ठभागावरच काम करतात. रव्याएवढ्या कणांची भुकटी तुमच्या नातवंडांच्या काळात उपयोगी पडेल. आपल्याला ७५ मायक्रॉनच्या खालचा भाग हवा, म्हणजे बोटांत चोळला तर मैद्यासारखा लागणारा, चरे न पाडणारा.

सपाट बुडाची, सरळ कडांची लिटरभराची पारदर्शक बाटली घ्या. २० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरा, १०० ग्रॅम डस्ट टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा. टेबलावर ठेवा आणि तीस आकडे मोजा. तिसाव्या सेकंदाला तळाशी जो थर बसलाय तो ७५ मायक्रॉनहून जाड. त्याच्या वरच्या कडेला पेनाने रेघ मारा. पाणी अजून शिशासारखं करडं दिसेल, तो आपला माल. बाटली रात्रभर न हलवता ठेवा आणि सकाळी गाळाच्या नव्या उंचीवर दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर एकूण गाळाच्या पाचव्या हिश्शाएवढं किंवा जास्त असेल तर डस्ट चांगली. दहाव्या हिश्शाहून कमी असेल तर दुसरा क्रशर बघा. बारीक गाळ जरा फुगून बसतो, त्यामुळे हा अंदाज थोडा चढाच असतो, हे धरून चाला.

त्याच बाटलीत आणखी दोन गोष्टी कळतात. सकाळी पाणी जवळजवळ नितळ हवं. लालसर गढूळच राहिलं असेल तर खाणीच्या वरची माती मिसळलेली आहे. त्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवा: बेसाल्टला ८ ते ९ च्या आसपास येतो. ११ च्या पुढे गेला तर चुना किंवा सिमेंट.

सिमेंटची आणखी खात्री हवी असेल तर भुकटी मळून लिंबाएवढा गोळा करा, ओल्या फडक्यात तीन दिवस ठेवा, वाळवा आणि पाण्यात सोडा. नुसत्या दगडाचा गोळा मिनिटा-दोन मिनिटांत विरघळून पडतो. अख्खा राहिला तर फेकून द्या. व्हिनेगरचे थेंब कोरड्या डस्टवर टाकल्यावर चार-दोन बुडबुडे आले तर घाबरू नका, बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइट असतं. इनोसारखं उसळलं तर त्यात चुनखडी किंवा मार्बल आहे.

पाचवी पायरी: बारीक वेगळं करणं

कोरडी डस्ट चाळायची असेल तर नाकावर एन-९५ मास्क हवाच. रुमाल, ओढणी, कापडी मास्क यांतून जाणारे कणच सर्वांत घातक असतात. बेसाल्टमध्ये मोकळी गारगोटी कमी असली तरी शून्य नसते, आणि ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर. खडीफोड कामगारांना होणारा सिलिकोसिस तिच्यामुळेच. चाळायला मैद्याची चाळणी लागते, पिठाच्या चाळणीतून फार जाड माल उतरतो. गच्चीत वारा असताना चाळाल तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडण ठरलेलं. मिक्सरमध्ये किंवा खलबत्त्यात दळायला जाऊ नका.

ओली पद्धत सोपी आणि सुरक्षित. बादलीत २० सेंटिमीटर पाणी, साधारण १० लिटर, घ्या. त्यात एक किलो डस्ट टाकून काठीने जोरात ढवळा, काठी काढली की तीस मोजा आणि वरचं करडं पाणी अलगद दुसऱ्या टबात ओता. तळाच्या जाडसर भुकटीवर पुन्हा पाणी, पुन्हा ढवळा, पुन्हा ओता. तिसऱ्या वेळेपर्यंत पाणी फिकट पडतं, म्हणजे माल संपला. किलोऐवजी एकदम तीन-चार किलो टाकण्याचा मोह होतो, पण गर्दीत कण सावकाश बसतात आणि जाड भुकटीही ओतली जाते. टब रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी झाडांना घाला; खाली शाडूच्या मातीसारखा गुळगुळीत गाळ राहतो. तो ओलाच वापरता येतो.

इतकी खटपट कुंड्यांसाठी. जमिनीतल्या वाफ्यात सबंध डस्ट टाकली तरी चालतं, जाड भाग नुसता पडून राहतो.

सहावी पायरी: घालायचं कसं

दगडाची भुकटी मातीत थेट घालण्यापेक्षा कंपोस्टमधून नेलेली बरी. कुजताना निघणारा कर्बवायू पाण्यात विरघळून आम्ल बनतो, त्यात जिवाणू-बुरशीची सेंद्रिय आम्लं. दगडाचं जे काम उघड्या मातीत रेंगाळतं त्याला तिथे गती मिळते. १० किलो ओल्या कचऱ्याला २०० ते ३०० ग्रॅम भुकटी पुरे. बास्केटमध्ये थर लावत असाल तर दर तीन इंच थरावर एक मूठ भुरभुरा, किंवा ओला गाळ पाण्यात कालवून शिंपडा. पाच टक्क्यांच्या पुढे गेलात तर ढीग जड होतो, हवा खेळत नाही आणि वास मारायला लागतो. गांडूळखतात हेच प्रमाण. गांडुळांना पेषणीत दळायला बारीक कण लागतातच, पण धारदार ग्रीट नको.

जिवाणूंची जोड द्यायची असेल तर स्फुरद विरघळवणारे आणि पालाश मोकळं करणारे जिवाणू कृषी विद्यापीठांत, कृषी सेवा केंद्रांत मिळतात. कंपोस्टची उष्णता उतरल्यावर, हाताला कोमट लागेल तेव्हा मिसळा. गरम ढिगात ते मरतात. जीवामृत करत असाल तर २० लिटरला एक किलो शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, १०० ते २०० ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती, यात दोन मुठी गाळ टाका. वापरताना ढवळत ढवळत तांब्याने ओता. झारीच्या जाळीत, फवारणी पंपात किंवा ठिबकमध्ये हे मिश्रण कधीही घालू नका; गाळ बसला की ड्रिपर गेला.

वाफ्यासाठी प्रमाण चौरस फुटाला १०० ते २०० ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला १०० ते २०० किलो. सोबत चौरस फुटाला अर्धा ते एक किलो शेणखत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाच्या आधी पसरा आणि वरच्या चार-सहा इंचांत कुदळीने मिसळून पालापाचोळा झाका. वर पसरून तसंच ठेवलं तर पहिल्या वळवाने पृष्ठभागावर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. हे एकदा केलं की तीन वर्षं पुन्हा बघायचं नाही. कोकणातल्या आंबा-नारळासाठी फांद्यांच्या घेराखालच्या आळ्यात मोठ्या झाडाला ८ ते १० किलो, शेणखताबरोबर. बुंध्याला चिकटून नको.

कुंडीसाठी हिशेब सोपा: दर १० किलो मिश्रणाला १०० ग्रॅम. १२ इंची कुंडीला १५० ग्रॅम, म्हणजे आमटीची पाऊण वाटी. कुंडी भरतानाच संपूर्ण मिश्रणात कालवा. भरलेल्या कुंडीत द्यायचं असेल तर वरचे दोन इंच उकरून पोह्याचे दोन चमचे भुकटी आणि दोन मुठी गांडूळखत मिसळा, वर्षातून एकदा.

मेहनतीचं चीज होतंय का हे कळायला एकाच वाणाची, एकाच दिवशी लावलेली दोन-दोन रोपं घ्या, दोन भुकटीसह, दोन भुकटीविना, बाकी सगळं सारखं. पहिल्या तीन महिन्यांत फरक दिसला तर तो बहुधा कंपोस्टचा असतो. दगडाचा परिणाम दुसऱ्या पावसाळ्यानंतर शोधायचा.

काय बिघडतं

कुंडीत पाणी तुंबतं, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. प्रमाणाबाहेर घातलेली बारीक भुकटी पाण्याबरोबर खाली उतरते आणि भोकाशी शाडूसारखा थर धरते. झाड मरगळतं, माणूस समजतो पाणी कमी पडलं, आणखी पाणी घालतो. कुंडी उलटी करून तळाचा करडा थर खरवडा आणि भोकावर नारळाची शेंडी ठेवून पुन्हा भरा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, विशेषतः मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबावर, हा लोह न मिळाल्याचा चेहरा. भुकटीत लोह आहे म्हणून आणखी भुकटी घालणारे लोक आहेत. सामू वर गेलेला असतो, त्यात बोअरचं जड पाणी भर घालतं. भुकटी बंद करा, पावसाचं पाणी साठवून द्या, कंपोस्ट वाढवा. अनंतासारख्या आम्लप्रिय झाडाला मुळातच भुकटी देऊ नये. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर ती नत्राची भूक. भुकटीत नत्र नाहीच, शेणखत किंवा ढेप द्या.

टोमॅटोचं बूड काळं पडलं की कॅल्शियम आठवतं. दगड तिथे वेळेवर पोचत नाही. पाणी रोज ठरलेल्या वेळी, सारखं द्या, आणि १२ इंची कुंडीला चमचाभर जिप्सम.

इतर भुकट्या, थोडक्यात

जिप्सममध्ये कॅल्शियम २३ टक्के आणि गंधक १८ टक्के, आणि ते सामू वाढवत नाही, म्हणून काळ्या आणि चोपण जमिनीला तेच योग्य. कृषी सेवा केंद्रात मिळतं. गणपतीनंतर दरवर्षी कुणीतरी विचारतं की मूर्तीचं पीओपी, तेही जिप्समचंच, कुटून घातलं तर? रंग आणि मिसळलेल्या वस्तूंमुळे नको.

डोलोमाइट आम्ल मातीसाठी, बेसाल्टपेक्षा कितीतरी लवकर काम करणारं. सामू ५.५ च्या खाली असेल तर चौरस फुटाला २० ते ३० ग्रॅम, १२ इंची कुंडीला एक चमचा. यवतमाळ-चंद्रपूरकडे त्याच्या खाणी आहेत. कोकणात घाई असेल त्याने डोलोमाइट घ्यावं, सबुरी असेल त्याने बेसाल्ट. दोन्ही एकदम नको.

रॉक फॉस्फेट, प्रामुख्याने उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचं, आम्ल मातीतच विरघळतं. काळ्या मातीत ते दगड म्हणूनच राहतं. कंपोस्टमध्ये मुरवून स्फुरदयुक्त सेंद्रिय खत म्हणून वापरलं तर थोडी आशा.

प्रमाणित सेंद्रिय शेती करत असाल तर यातलं काहीही आणण्यापूर्वी प्रमाणन संस्थेला विचारून लेखी ठेवा.

बेसाल्ट भुकटीचा बोलबाला हल्ली वेगळ्याच कारणाने वाढलाय. ती शेतात विरघळताना हवेतला कर्बवायू बांधून ठेवते. हेच काम भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या शेतांत करणाऱ्या 'माती कार्बन' या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ कार्बन रिमूव्हल स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. तिथे हिशेब टनांचा आहे. गच्चीवरच्या सहा किलोंनी हवामान बदलणार नाही.

निथळून झाल्यावर बादलीच्या तळाशी रव्यासारखा जाड भाग उरतो, किलोतला ७००-८०० ग्रॅम. तो फेकू नका. दोनदा धुऊन वाळवा: एक भाग हा रवा, एक भाग कोकोपीट, एक भाग कंपोस्ट, हे अडेनियम आणि निवडुंगांचं उत्तम मिश्रण. उरलेला गोगलगायींच्या वाटेवर वाफ्याच्या कडेला टाका. पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांना तो टोचतो, मग त्यावरून त्या आरामात जातात.